ही ओळ वाचणार कोण?

"\मायक्रोसॉफ्ट वॉज अनएक्स्पेक्टेड ॲट धिस टाइम."

विंडोजवर बॅच फाइल, म्हणजे एकामागून एक कमांड लिहिलेली फाइल, चालवताना हा संदेश एकदा पाहिला की माणूस तो विसरत नाही. मायक्रोसॉफ्टच्याच ऑपरेटिंग सिस्टिमने, मायक्रोसॉफ्टच्याच काळ्या खिडकीत सांगायचं, की मायक्रोसॉफ्ट इथे येईल असं वाटलं नव्हतं! पुढे ना ओळीचा क्रमांक, ना फाइलचं नाव. स्क्रिप्ट तिथेच संपते.

फाइलमध्ये असतं काय, तर अगदी साधा मजकूर. अमुक एक्झी (प्रोग्रॅमची फाइल) सापडली तर, कंस सुरू, पाथच्या शेवटी आमचं फोल्डर जोड, कंस बंद. पाथ म्हणजे प्रोग्रॅम कुठल्या फोल्डरांत शोधायचे त्यांची यादी. सीएमडी, म्हणजे त्या काळ्या खिडकीत कमांड वाचणारा प्रोग्रॅम, हा कंसातला मजकूर चालवण्याआधी पूर्ण वाचून घेतो. वाचताना %पाथ% दिसलं की त्या जागी पाथचा खराखुरा मजकूर भरतो, आणि नंतर कंस कुठे बंद होतो ते बघतो. आता ६४-बिटी विंडोजच्या पाथमध्ये हमखास सापडणारं फोल्डर कोणतं? सी:\प्रोग्रॅम फाइल्स (एक्स८६). त्यातला बंद कंस सीएमडीला आपल्या 'जर'चा कंस वाटतो. 'जर' संपला असं धरून तो पुढे जातो आणि समोर उरतं '\मायक्रोसॉफ्ट एसक्यूएल सर्व्हर' वगैरे, आगापिछा नसलेलं. म्हणून "अनपेक्षित". अट खोटी असली तरी सुटका नाही, कारण अट तपासण्याच्या आधीच वाचन फसलेलं असतं. आणि ज्या मशीनच्या पाथमध्ये हे फोल्डर नाही, तिथे तीच स्क्रिप्ट वर्षानुवर्षं बिनतक्रार चालते. पाथला किंमत देणाऱ्या 'सेट' कमांडच्या पुढचा सगळा मजकूर अवतरणचिन्हांत घातला की प्रश्न मिटतो. दोन चिन्हांचा इलाज, पण रोग कळायला संध्याकाळ होते.

लिनक्सवर लिहिलेली बिल्डची (कोडपासून चालता प्रोग्रॅम बांधण्याची) साधनं विंडोजवर चालती करणं हे गेली कित्येक वर्षं माझं पोटापाण्याचं काम आहे. मीटिंगमध्ये त्याला 'पाथचा इश्यू' म्हणतात आणि अर्ध्या दिवसाचं एस्टिमेट लावतात. तिरक्या रेघा उलट्या केल्या की झालं, असा सर्वसाधारण समज. मला विचाराल तर रेघा हा त्यातला सगळ्यात सोपा भाग. अवघड भाग हा, की आपण लिहिलेली एक ओळ वाटेत कितीजण वाचतात आणि प्रत्येकजण कोणत्या नियमाने वाचतो. आधी मेक (काय कशापासून बांधायचं ते मेकफाइलमधून वाचून काम करणारा प्रोग्रॅम) वाचतो, मग शेल (सीएमडी किंवा बॅशसारखा, कमांड वाचणारा), मग सुरू होणाऱ्या प्रोग्रॅमची रनटाइम लायब्ररी (त्याला जोडलेला तयार कोड), आणि सगळ्यांत शेवटी प्रोग्रॅम. लग्नघरात आत्याने दिलेला निरोप मांडवापर्यंत पोचताना त्याचं जे होतं, तेच त्या ओळीचं होतं. युनिक्सवर (लिनक्स आणि मॅक त्याच वळणाचे) निदान हे सगळे एकाच घरात वाढलेले असतात. विंडोजवर प्रत्येकाचं घराणं निराळं.

तरी रेघांचा इतिहास सांगायलाच हवा, कारण विंडोजला नावं ठेवणाऱ्यांना तो बहुधा माहीत नसतो. १९८१ सालच्या पहिल्या डॉसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधीच्या मायक्रोसॉफ्टच्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये, फोल्डर हा प्रकारच नव्हता. फ्लॉपीवर सगळ्या फाइली एकाच पंगतीत. कमांडला पर्याय द्यायला उजवीकडे झुकलेली रेघ वापरायची पद्धत तेव्हाच पडली. आजही चालणारं 'डिर /डब्ल्यू' त्याच वळणाचं. १९८३ साली डॉस २.०ने युनिक्सच्या धर्तीवर फोल्डर आणले, तेव्हा ती रेघ आधीच गुंतलेली होती. लोकांच्या बॅच फाइली मोडायच्या नव्हत्या, म्हणून उलटी रेघ आली. कोलनचंही तेच. 'ए:' आणि 'बी:' ही ड्राइव्हची नावं डॉसच्याही आधीच्या सीपी/एम या ऑपरेटिंग सिस्टिमच्या काळापासून चालत आलेली, त्यामुळे पाथमधली फोल्डरं वेगळी करायला युनिक्ससारखा कोलन वापरायची सोय राहिली नाही. तिथे अर्धविराम आला. कुणी मुद्दाम तिरकं वागलं म्हणून हे झालेलं नाही. चाळीस वर्षं कुणाचंही जुनं काम मोडायचं नाही, असं ठरवलं की असंच होतं. मला त्या ठरवण्याबद्दल आदरच आहे, रोज शिव्या घालत असले तरी.

आणि गंमत म्हणजे खुद्द विंडोजला युनिक्सची रेघ चालते. फाइल उघडणारी फंक्शन्स दोन्ही रेघा मुकाट घेतात. अडतं ते सीएमडीत. 'बिन/टूल' असं लिहिलं तर 'बिन' ही कमांड आणि '/टूल' हा तिचा पर्याय, असा त्याचा हिशोब. एनपीएमच्या (जावास्क्रिप्टची पॅकेजं आणणाऱ्या साधनाच्या) स्क्रिप्टमध्ये कुणीतरी मॅकवर बसून './नोड_मॉड्यूल्स'ने सुरू होणारी ओळ लिहिलेली असते. विंडोजवर उत्तर येतं की '.' नावाची कमांड आपल्याला ठाऊक नाही. म्हणजे प्रोग्रॅमच्या आत तुम्ही सरळ रेघेने फाइल उघडा, चालेल. तोच पत्ता शेलच्या तोंडी दिलात तर चालणार नाही. पत्ता एक, वाचणारे दोन.

त्याच एनपीएमच्या स्क्रिप्टमधली दुसरी एक नेहमीची जागा. युनिक्सवर 'नोड_एन्व्ह=प्रॉडक्शन' असं लिहून पुढे कमांड लिहिली की तेवढ्या कमांडपुरता व्हेरिएबल (एक नाव आणि त्याची किंमत) सेट होतो. सीएमडीला ही रीत माहीत नाही, तो 'नोड_एन्व्ह' नावाचा प्रोग्रॅम शोधत बसतो. मग कुणीतरी समजूतदारपणे पुढे 'सेट' लिहितो आणि नंतर '&&' घालून कमांड जोडतो. एरर जातो. बिल्ड होतं. फक्त प्रॉडक्शनचं, म्हणजे वापरणाऱ्यांना द्यायचं, बिल्ड होत नाही! किंमत छापून पाहिली तर 'प्रॉडक्शन'च दिसते. दोन्ही बाजूंना चौकटी कंस घालून छापली की कळतं: [प्रॉडक्शन ]. '&&'च्या आधीची ती एक मोकळी जागा सीएमडीने किमतीचाच भाग धरलेली असते. आता 'प्रॉडक्शन' आणि 'प्रॉडक्शन ' यांची बरोबरी कोणता प्रोग्रॅम मानेल? कमी किलोबाइटच्या फाइलीऐवजी अजस्र फाइल सर्व्हरवर चढते आणि साइट हळू का, यावर चर्चा झडतात.

मेककडे वळते. मेकफाइलमध्ये कोलनला फार मान: डावीकडे काय बनवायचं, उजवीकडे ते कशापासून. मग 'सी:/'ने सुरू होणाऱ्या पत्त्याचं काय? जीएनयू मेकच्या विंडोज आवृत्तीत त्यासाठी खास सोय केलेली आहे. एकच अक्षर, कोलन आणि लगेच रेघ दिसली तर तो ड्राइव्ह समजायचा. हे एक वेळ निभावतं. माणसाला चक्रावून सोडतो तो मेकचा शेल निवडण्याचा नियम.

एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या लॅबमध्ये मुलांना सी प्रोजेक्टची बांधणी शिकवायला गेले होते. मुलं आपापले लॅपटॉप घेऊन बसलेली, बहुतेक सगळे विंडोजचे. शेजारी बसलेल्या दोघींपैकी एकीने हात वर केला.

"मॅडम, हिचं होतंय, माझं नाही होत. फाइल तीच आहे. पेनड्राइव्हवरूनच कॉपी केली."

"पहिल्यापासून नाही होत?"

"नाही, पहिल्यांदा झालं होतं. आता नाही होत."

पहिल्यांदा झालं, दुसऱ्यांदा नाही, हे ऐकून माझे कान टवकारले. तिचं प्रोजेक्ट फोल्डर उघडलं. आत सोर्स, बिल्ड, आणि या दोघांच्या जोडीला '-पी' नावाचं एक रिकामं फोल्डर. मेकफाइलमध्ये 'एमकेडीर -पी बिल्ड' अशी ओळ होती. युनिक्समध्ये त्या '-पी'चा अर्थ, फोल्डर आधीच असेल तर कुरकुर करू नकोस, मधली फोल्डरं नसतील तर तीही बनव. सीएमडीच्या एमकेडीरला पर्याय उजव्या रेघेने द्यायचे असतात, त्यामुळे आडव्या रेघेचं त्याला काही वाटलं नाही. दोन नावं दिसली, दोन फोल्डरं बनवली. दुसऱ्या वेळी मात्र '-पी' आधीच आहे म्हणून एरर, आणि मेक थांबला.

शेजारणीकडे का चाललं? विंडोजवर जीएनयू मेक पाथमध्ये 'एसएच.एक्झी' (युनिक्सचं शेल) शोधतो. सापडली तर सगळ्या ओळी तिच्याकडे, नाही सापडली तर सीएमडीकडे. शेजारणीने गिट (कोडमधले बदल जपणारं साधन) इन्स्टॉल करताना पाथच्या पानावरचा तिसरा पर्याय निवडला होता, ज्यात युनिक्सची सगळी साधनं पाथमध्ये येतात. हिने आपलं नेक्स्ट, नेक्स्ट, नेक्स्ट. इन्स्टॉलर त्या तिसऱ्या पर्यायाखाली लाल अक्षरांत बजावतो की याने विंडोजचे 'फाइंड' आणि 'सॉर्ट' झाकले जातील, परिणाम समजत असतील तरच निवडा. तेव्हा परिणाम कुणाला समजत असतात! एका मेकफाइलची भाषाच कोणती, हे ठरलं ते कधीतरी गिट टाकताना केलेल्या एका क्लिकवर.

उपाय अवघड नव्हता. मेकफाइलमध्ये शेल कोणतं ते स्पष्ट लिहायचं, किंवा फोल्डर बनवायचं काम शेलला सांगायचंच नाही. सीमेक (बिल्डचंच आणखी एक साधन) असेल तर 'सीमेक -ई मेक_डिरेक्टरी' सगळीकडे सारखं वागतं. जाता जाता मेकबद्दल एक कौतुकाची गोष्ट. युनिक्सवर मेक एन्व्हायर्नमेंटमधला (प्रत्येक प्रोग्रॅमला मिळणाऱ्या व्हेरिएबल्सच्या यादीतला) 'शेल' व्हेरिएबल मुद्दाम दुर्लक्षित करतो, कारण माणसाला टायपायला कोणतं शेल आवडतं याचा बिल्डशी संबंध नसावा. विंडोजवर मात्र तोच व्हेरिएबल मानतो. कारण तिथे तो सहसा कुणी सेट करत नाही. केलाच असेल तर मेकसाठीच केला असणार. कुणीतरी बसून माणसांच्या सवयींचा एवढा विचार केला, हे मॅन्युअलमध्ये वाचलं तेव्हा मला फार बरं वाटलं होतं.

त्याच लॅबमधला आणखी एक प्रकार सांगते, कारण तो सगळ्या कॉलेजांत चालतो. कंपायलर (लिहिलेल्या कोडचा प्रोग्रॅम बनवणारा) टाकला की तो पाथमध्ये घालावा लागतो, आणि त्यासाठी व्हिडिओत एक झटपट कमांड सांगितलेली असते: 'सेटएक्स पाथ', पुढे अवतरणात %पाथ%, अर्धविराम आणि नवीन फोल्डर. बघायला निर्मळ. पण विंडोजमध्ये पाथ दोन ठिकाणी साठवलेला असतो, एक सिस्टिमचा, एक वापरणाऱ्याचा. खिडकीत दिसतो तो दोन्ही जोडून, आधी सिस्टिमचा, मग आपला. ही कमांड तो जोडलेला लांबलचक मजकूर उचलून आपल्या एकट्याच्या पाथमध्ये लिहिते. त्यातही सेटएक्स १०२४ अक्षरांपुढचं कापून टाकतो. म्हणजे शेपटीकडचं गेलं. शेपटीला काय होतं? आपल्या स्वतःच्या नोंदी, आणि सगळ्यांत शेवटी जे जोडण्यासाठी हा खटाटोप केला ते नवीन फोल्डर. मजकूर कापला अशी ताकीद छापून त्याच्याच खाली 'सक्सेस' छापलेलं असतं. मुलं अर्थातच 'सक्सेस' वाचतात. एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्सची ती जुनी खिडकी उघडून हाताने एक ओळ घालणं कंटाळवाणं असेल, पण मी तेच शिकवते.

आता पाथचं नावच बघा. विंडोजला व्हेरिएबलच्या नावात कॅपिटल-स्मॉलचा फरक पडत नाही, पण जसं लिहिलं तसं ते जपून ठेवतं. युनिक्समध्ये हे नाव सगळ्या कॅपिटलमध्ये असतं. विंडोजवर बहुतेक ठिकाणी फक्त पहिलं अक्षर कॅपिटल. सोयीसाठी पहिल्याला मोठा पाथ म्हणू, दुसऱ्याला छोटा. नोडमध्ये (जावास्क्रिप्ट ब्राउझरबाहेर चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) 'प्रोसेस.एन्व्ह'ला, म्हणजे एन्व्हायर्नमेंट ठेवणाऱ्या ऑब्जेक्टला, मोठा पाथ मागितला तरी तो छोटा काढून देतो, कारण त्या ऑब्जेक्टला विंडोजची रीत माहीत आहे. पण बिल्डची साधनं काय करतात? त्या एन्व्हची साधी प्रत काढतात, प्रतीमध्ये पाथच्या पुढे आपलं फोल्डर जोडतात आणि ती प्रत पुढच्या प्रोसेसला देतात. प्रत हा जावास्क्रिप्टचा साधा ऑब्जेक्ट. तिला विंडोजची रीत माहीत नाही. तिच्यात छोटा पाथ आहे, मोठा नाही. मग जोडणी होते ती अशी: 'सी:\टूल;अनडिफाइन्ड'. होय, अनडिफाइन्ड ('असं काही नाही') हा शब्द एखाद्या फोल्डरसारखा पाथमध्ये जाऊन बसतो.

इथवर हसण्यावारी नेता येतं. पण आता प्रतीत दोन पाथ झाले, एक धडधाकट छोटा आणि एक हा दोन तुकड्यांचा मोठा. नोड विंडोजवर नावांची क्रमवारी लावून सारख्या नावांतलं पहिलं ठेवतो, आणि क्रमवारीत कॅपिटल आधी येतात. म्हणजे मोडका पाथ जिंकतो आणि धडधाकट पाथ फेकला जातो. पुढच्या प्रोसेसला गिट सापडत नाही, पायथन सापडत नाही, सिस्टिम३२देखील पाथमधून गायब. लोक गिट पुन्हा इन्स्टॉल करतात. दुसऱ्या काही भाषांतून दोन्ही पाथ तसेच पुढे जातात आणि एमएसबिल्ड (मायक्रोसॉफ्टचं बिल्डचं साधन) 'ही की आधीच आहे' म्हणून कोलमडतो. 'पाथ-की' नावाचं एक चिमुकलं एनपीएम पॅकेज आहे, त्याचं काम एवढंच: या एन्व्हमध्ये पाथचं नाव नेमकं कसं लिहिलंय ते सांगणं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा असल्या गोष्टीसाठी पॅकेज कशाला असं वाटलं होतं. आता ते नसलेल्या टूलकडे मी संशयाने बघते.

या सगळ्यावर उतारा म्हणून विंडोजवरच युनिक्स उभं करायचं, ही कल्पना जुनी आहे. १९९५ साली सिग्नस कंपनीत स्टीव्ह चेंबरलेन यांनी सिगविन सुरू केलं. मिंगडब्ल्यू, एमसिस, गिट बॅश ही त्याच गोतावळ्यातली मंडळी. एमसिस आणि गिट बॅशमध्ये 'सी:\'चं '/सी/' होतं आणि शेलला वाटतं आपण युनिक्सवर आहोत. पण बॅशमधून विंडोजचा प्रोग्रॅम बोलावला तर त्याला '/सी/काम/ए.सी' कसं कळणार? म्हणून एमसिस मध्ये पडतं आणि पत्त्यासारखं दिसणारं प्रत्येक आर्ग्युमेंट (कमांडच्या पुढे लिहिलेला तुकडा) बदलून देतं. मी त्या लोकांना मानते. त्यांच्याशिवाय आमच्या क्षेत्रातलं निम्मं काम विंडोजवर झालंच नसतं. पण 'पत्त्यासारखं दिसणारं' हा शेवटी अंदाजच. 'सीएमडी /सी' लिहिलं की त्यातल्या '/सी'चा ड्राइव्ह होतो. म्हणून दोन रेघा द्याव्या लागतात. डॉकरला (प्रोग्रॅम वेगळ्या बंद डब्यात, म्हणजे कंटेनरमध्ये, चालवणाऱ्या साधनाला) कंटेनरमधलं कामाचं फोल्डर '/ॲप' असं सांगितलं की डॉकरच्या हाती पडतं 'सी:/प्रोग्रॅम फाइल्स/गिट/ॲप'. लिनक्सच्या कंटेनरमध्ये प्रोग्रॅम फाइल्स शोधणाऱ्या डॉकरची कीव येते. 'एमसिस_नो_पाथकॉन्व्ह' हा व्हेरिएबल १ केला की गिट बॅश हात आवरतं, पण मग ज्या आर्ग्युमेंटला खरंच भाषांतराची गरज होती तेही तसंच जातं.

याच गोतावळ्यातलं 'लिंक' प्रकरण तर अभिजात म्हणावं असं. लिंकर म्हणजे कंपायलरने बनवलेले तुकडे, ऑब्जेक्ट फाइली, जोडून एक्झी करणारा प्रोग्रॅम. मायक्रोसॉफ्टच्या लिंकरचं नाव 'लिंक.एक्झी'. युनिक्सच्या मूळ साधनांमध्येही 'लिंक' आहे. ते बिचारं फाइलला एक हार्ड लिंक (त्याच फाइलचं दुसरं नाव) करून देतं, बाकी काही नाही. गिट बॅशमध्ये युनिक्सची साधनं पाथमध्ये पुढे असतात. मग कंपायलर पन्नास ऑब्जेक्ट फाइली लिंकरला द्यायला जातो, त्या जातात त्या हार्ड लिंकवाल्याकडे, आणि तो म्हणतो 'एक्स्ट्रा ऑपरंड'. याला दोन नावं लागतात, बाकीचं कशाला दिलंत? संदेश अचूक आहे, फक्त चुकीच्या माणसाचा आहे. लिंकर न सापडणं परवडलं. चुकीचा सापडणं परवडत नाही.

"मग डब्ल्यूएसएल वापरा ना," असं कुणीतरी म्हणतंच. २०१६ साली डब्ल्यूएसएलच्या रूपाने विंडोजमध्ये लिनक्स आलं तेव्हा मीही खूश झाले होते, आणि स्वतः रोज वापरते. पण कॉलेजच्या लॅबमधल्या मशीनवर ॲडमिनचे हक्क नसतात, जुन्या लॅपटॉपमध्ये व्हर्च्युअलायझेशन बायॉसमधून बंद असतं, मेमरी बेताची असते. शिवाय ज्याला विंडोजचीच एक्झी हवी आहे त्याला लिनक्सची बायनरी देऊन काय उपयोग? आणि पाथ तिथेही पाठ सोडत नाही. डब्ल्यूएसएल विंडोजचा पाथ लिनक्सच्या पाथच्या शेवटी जोडतं. लिनक्समध्ये एनपीएम टाकलं नसेल तर 'एनपीएम' लिहिल्यावर '/एमएनटी/सी' खालचं विंडोजचं एनपीएम उचललं जातं आणि निम्म्या वाटेत धापा टाकतं.

वाचणाऱ्यांच्या साखळीतला शेवटचा दुवा फार कमी लोकांना माहीत असतो. युनिक्सवर नवा प्रोग्रॅम सुरू करताना आर्ग्युमेंटं सुटी सुटी, यादी म्हणून जातात. विंडोजवर सगळी मिळून एकच मोठी ओळ जाते, जास्तीत जास्त ३२,७६७ अक्षरांची; सीएमडीतून गेलात तर ८,१९१. ती फोडायची कशी, हे ज्याचं त्याने ठरवायचं. बहुतेक प्रोग्रॅम मायक्रोसॉफ्टच्या सी लायब्ररीचा नियम पाळतात, ज्यात अवतरणाच्या लगेच आधी आलेली उलटी रेघ त्या अवतरणाचं महत्त्व काढून घेते. त्यामुळे "सी:\माझं काम\" असं शेवटच्या रेघेसकट अवतरणात दिलं की शेवटचं अवतरण बंदच होत नाही आणि पुढची सगळी आर्ग्युमेंटं त्या पत्त्याच्या पोटात जातात. रोबोकॉपी (विंडोजची फाइली कॉपी करणारी कमांड) वापरणाऱ्या कुठल्याही सिस्टिम ॲडमिनला विचारा.

सीएमडी मात्र हा नियम पाळत नाही. त्याचा स्वतःचा नियम: & | < > % ^ ही त्याची राखीव चिन्हं. आणि बॅच फाइल चालवायची तर सीएमडी मध्ये येणारच, तुम्ही बोलावलं नसलं तरी. हे नीट न सांभाळल्याने एप्रिल २०२४ मध्ये एकाच आठवड्यात रस्ट (एक प्रोग्रॅमिंग भाषा) आणि नोड या दोघांनाही सुरक्षेच्या दुरुस्त्या काढाव्या लागल्या. आर्ग्युमेंटं यादी म्हणून दिली की ती सुरक्षित, असं या भाषा सांगत होत्या. बॅच फाइलच्या बाबतीत ते खरं नव्हतं. बाहेरून आलेल्या मजकुरात योग्य जागी एक अवतरण आणि एक '&' पेरला की पुढचा मजकूर कमांड म्हणून चालत होता. रस्टने १.७७.२ मध्ये चिन्हं झाकायची पद्धत बदलली आणि जिथे खात्री देता येत नाही तिथे एरर द्यायला सुरुवात केली. नोडने तर शेल स्पष्ट मागितल्याशिवाय '.बॅट' आणि '.सीएमडी' चालवणंच बंद केलं. विंडोजवर एनपीएम स्वतः 'एनपीएम.सीएमडी' असल्यामुळे कितीतरी बिल्ड त्या आठवड्यात पडली. त्रास झाला, पण मला नोडचं पटलं.

एक गोष्ट खास आपली. विंडोज नवीन घेताना वापरणाऱ्याचं नाव विचारतं, आणि मराठी कीबोर्ड लावलेला असेल तर माणूस हौसेने देवनागरीत लिहितो. का लिहू नये? मग त्याचं घर होतं 'सी:\युजर्स\सायली'. फाइल सिस्टिमला यात काहीच गैर वाटत नाही, ती युनिकोडच (सगळ्या लिप्या सामावणारी पद्धत) आहे. पण विंडोजमध्ये जुन्या प्रोग्रॅमांसाठी 'आन्सी' फंक्शन्सचा एक संच आहे, जो त्या मशीनच्या कोड पेजमध्ये (ठरावीक लिपीपुरत्या अक्षरांच्या जुन्या तक्त्यात) मजकूर देतो. रशियनला कोड पेज आहे, ग्रीकला आहे, थाईला आहे. देवनागरीला नाही, मराठी आणि हिंदी विंडोजमध्ये आल्या त्या फक्त युनिकोडमधून. म्हणजे जो टूल जुन्या 'गेटएन्व्ह'ने टेम्प फोल्डर विचारतो त्याला मिळतं 'सी:\युजर्स\?????\ॲपडेटा\लोकल\टेम्प'. आणि प्रश्नचिन्ह विंडोजच्या फाइलनावात चालतच नाही. कंपायलर म्हणतो, तात्पुरती फाइल बनवता येत नाही. डिस्क भरली असेल, अँटिव्हायरस आडवा आला असेल, असे सगळे सल्ले मिळतात. नाव बदल असं कुणी सांगत नाही, आणि सांगूही नये असं माझं मत आहे. २०१९ च्या १९०३ आवृत्तीपासून विंडोज १० वर प्रोग्रॅमला आपल्या मॅनिफेस्टमध्ये (प्रोग्रॅमची माहिती देणाऱ्या फाइलीत) एक ओळ घालून या जुन्या फंक्शन्ससाठी यूटीएफ-८ (युनिकोड लिहायची एक पद्धत) मागता येतं. एका ओळीत सायलीचं घर सापडतं. ज्यांनी अजून ती घातली नाही त्यांना मी दर वेळी तक्रार लिहून पाठवते, कधी पॅचसकट, म्हणजे दुरुस्त केलेल्या कोडसकट.

आमच्या टूलमध्ये आता मधलं शेल शक्य तिथे काढून टाकलं आहे. फोल्डर बनवणं, पुसणं, कॉपी करणं प्रोग्रॅमच्या भाषेतच. बाहेरचा प्रोग्रॅम चालवायचा तर पूर्ण पत्ता आणि सुटी आर्ग्युमेंटं. पाथला हात लावायचा तर आधी त्याचं नाव कसं लिहिलंय ते बघून. शेल स्क्रिप्ट ठेवायचीच तर गिटला बजावून, की हिच्या ओळींचे शेवट विंडोजच्या पद्धतीने बदलू नकोस. आणि चाचणीच्या विंडोज मशीनवर खाती आहेत ती अशी: एकाच्या नावात मोकळी जागा, एकाच्या नावात कंस, एक पूर्ण देवनागरीत. टीममध्ये नवीन आलेल्या मुलाने चौथं सुचवलं. म्हणाला, "मॅम, आमच्या दुकानाच्या पीसीवर युजरचं नाव पाटील & सन्स आहे. चालेल का आपलं?" खातं बनवलं, बिल्ड लावलं. सायली पास, कंस पास, मोकळी जागा पास. पाटील यांच्या खात्यावर नोडची एक '.सीएमडी' फाइल '&'पाशी तुटते आणि 'सन्स' नावाची कमांड शोधायला जाते. ती फाइल आमची नाही, एनपीएम इन्स्टॉल करताना बनवतो. तिला बगल देऊन नोडलाच थेट ती जावास्क्रिप्टची फाइल द्यायची, असा बदल त्याच मुलाने लिहिलाय. रिव्ह्यू माझ्याकडे पडून आहे.